तपेल्यातली पोर

मैत्रिणींनो, प्रत्येक घराची एक ठरलेली गोष्ट असते. पाहुणे जमले, जेवणं उरकली, पानसुपारीचं तबक फिरलं की कुणीतरी म्हणतंच, "अगं, ती गोष्ट सांग ना!" गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी सगळे पुढे सरकून बसतात. आमच्या बचत गटात एकदा हप्ते गोळा करताना हा विषय निघाला, तर एकीचंही घर सुटलं नाही. एकीच्या भावाचं डोकं पितळी घागरीत अडकलं होतं आणि शेवटी तांबटाकडे नेऊन घागर कापावी लागली. एकीचे मामा लहानपणी भलत्याच वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये चढले आणि दोन दिवस दुसऱ्यांच्या लग्नात लाडू खाऊन आले. एकीची बहीण तर गौरी जेवायच्या दिवशी गौरीमागे लपून करंज्या खात बसली, आणि "या वर्षी गौर साक्षात जेवली गं बाई!" म्हणून आजीनं सगळ्या आळीला दर्शनाला बोलावलं. त्या दिवशी हप्ते राहिले बाजूला, आम्ही पदर तोंडाला लावून हसत होतो.

आमच्या घरची गोष्ट आहे तपेल्याची. तिची नायिका मी. वय वर्षं चार.

साल १९८३, महिना मे. आमच्या धाकट्या काकांच्या हिशेबानं "कपिलदेवनं वर्ल्डकप उचलला त्याच्या आदल्या महिन्यात". घटना कुठलीही असो, काका ती क्रिकेटवरूनच लक्षात ठेवतात. माहेर माझं सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं. आत्याचं लग्न होतं. तेव्हा मंगल कार्यालय, केटरिंग असलं काही आमच्या गावात नव्हतं. दारात मांडव, गावातल्या बायका पोळ्या लाटायला आणि देवळातून आणलेली पंगतीची भांडी. तांब्याची, पितळेची, एकेक उचलायला दोन गडी लागतील अशी. वर्षभर देवळाच्या खोलीत पडून काळवंडलेली. म्हणून लग्नाच्या आधी तीन दिवस कल्हईवाल्याला सांगावा गेला होता. बायको आणि सातेक वर्षांचा मुलगा घेऊन तो आला, आमच्या परड्यात भट्टी लावली आणि घरातली न् देवळातली सगळी भांडी त्यानं कल्हई करून दिली.

आजच्या मुलींनी कल्हई बघितलेलीच नसेल, म्हणून थोडं सांगते. जमिनीत खड्डा करून कोळशाची भट्टी पेटवायची, चामड्याच्या भात्यानं वारा घालायचा. भांडं आधी आतून लख्ख घासून घ्यायचं. ते तापलं की आत नवसागराची पूड टाकायची, त्याचा पांढरा धूर भस्सकन वर येतो आणि नाकात झिणझिण्या आणतो. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवायची. कथील २३२ अंशाला वितळतं, तांब्याला वितळायला हजाराच्या वर अंश लागतात, त्यामुळे भांडं तसंच राहतं आणि कथील पाण्यासारखं आत पळायला लागतं. ते थिजायच्या आत कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे फिरवायचं. दोन मिनिटांत काळं भांडं चांदीचं! मग पाण्यात बुडवलं की चर्रर्र आवाज. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंचेची आमटी काही ठेवलं की ते कळकतं, चव बिघडते आणि पोटालाही बाधतं. म्हणून ही सगळी यातायात. मोठी भांडी घासायची तर कल्हईवाल्याचं पोरगं आत उभं राहायचं, पायाखाली वाळू आणि काथ्या, आणि कमरेतून गोल गोल फिरायचं. आम्ही मुलं ते टक लावून बघायचो. आम्हाला वाटायचं, काय नशीबवान पोरगा आहे, दिवसभर नाचायला मिळतं.

तर हळदीच्या दिवशी दुपारी भाताचं सगळ्यात मोठं तपेलं कल्हई होऊन आलं. त्यात दहा पायल्या तांदूळ सहज शिजायचा. (हा मूळ आकडा. पुढे सांगणाऱ्यागणिक तो पंधरा, वीस आणि एकदा तर "अख्खं पोतं" झालेला मी ऐकला आहे. गोष्टीतलं तपेलं दर वर्षी मोठं होतं आणि मी दर वर्षी लहान. हल्ली हल्ली मी दीड वर्षाची असते.) गड्यांनी ते पडवीच्या कोपऱ्यात आडवं करून ठेवलं आणि धूळ बसू नये म्हणून तोंडावर गोणपाट टाकलं. बाहेर मे महिन्याचं ऊन. पडवीत अंधार. आत गारेगार तांबं आणि आरशासारखी कल्हई. चार वर्षांच्या पोरीनं दुसरं काय करावं? मी गोणपाटाखालून आत शिरले, चिंधीची बाहुली शेजारी घेतली आणि झोपले.

मी हरवल्याचं लक्षात आलं ते दिवेलागणीला. आजीनं लहान मुलांची पंगत आधी बसवली. तिचं पोरांचं मोजमाप पक्कं असायचं. अकरा ताटं वाढली, दहा डोकी बसली. आजीनं दोनदा मोजलं. मग आईला हाक मारली.

इथून पुढे आमच्याकडे गोष्ट सांगायचा हक्क वाटून दिलेला आहे. पहिला भाग धाकट्या काकांचा. पलंगाखाली बघून झालं, कडब्याची गंज उपसून झाली, गोठ्यात बघून झालं, आणि मग कुणीतरी "विहीर" हा शब्द उच्चारला. काका तेव्हा कॉलेजात, अंगात रग. त्यांनी नव्या सफारीसकट विहिरीत उडी मारली. "सफारी शंभर टक्के टेरिकॉट होती," हे वाक्य ते अजूनही सोडत नाहीत. वरून वडिलांनी गळ टाकला. गळाला काय काय लागलं, त्याची यादी आम्हा सगळ्या भावंडांना पाठ आहे. दोन कळशा, एक गंजकी बादली, बैलाच्या गळ्यातली घाट, आणि बादलीतल्या गाळात आजोबांचा पितळी अडकित्ता. या अडकित्त्यापायी आजोबांनी एका मेहुण्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. मेहुणे लग्नाला आलेले होते आणि नेमके विहिरीच्या काठावरच उभे होते. त्यांनी अडकित्ता हातात घेतला, धोतराला पुसला आणि काही न बोलता आजोबांपुढे धरला. काका इथे एक मिनिट थांबतात. हसू ओसरल्याशिवाय पुढे जात नाहीत.

दुसरा भाग लाऊडस्पीकरवाल्याचा. लग्नासाठी कर्णा आणलेला होताच. वडील म्हणाले, गाणी बंद कर आणि पुकार दे. त्या बिचाऱ्याला आयुष्यात लग्नाचीच आमंत्रणं पुकारायची सवय. त्यानं गंभीर आवाजात सांगायला सुरुवात केली, "ऐका हो ऐका, लग्नघरची मुलगी हरवली आहे, अंगात लाल परकर-पोलकं आहे..." इथवर ठीक. पण शेवटी जिभेला वळण पडलेलं, "तरी सर्वांनी सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे!"

आणि लोक आले की हो! पण खरा गोंधळ झाला तो त्यातल्या एका शब्दामुळे. "मुलगी". लग्नघरची मुलगी म्हणजे कोण, तुम्हीच सांगा? नवऱ्या मुलाचं गाव नदीपलीकडे, चार मैलांवर. तिकडे बातमी पोचली ती "मुलगी हरवली" अशी. तिथल्या वेशीत शिरताना ती "मुलगी पळाली" झाली. आणि नवऱ्या मुलाच्या चुलत्याच्या कानावर जाईपर्यंत मुलगी कुणाबरोबर आणि कुठल्या यष्टीनं पळाली हेसुद्धा नक्की झालं होतं. नऊच्या सुमाराला एक जीप भरून वरपक्ष आमच्या दारात. चुलते तावातावानं आत शिरले, तर समोर पाटावर आत्या बसलेली. अंगभर हळद, आणि रडून रडून गालांवरून पिवळे ओघळ. चुलत्यांनी तिला खालून वर बघितलं आणि म्हणाले, "ही तर इथंच आहे!" आजोबा संतापून म्हणाले, "मग कुठं असायला पाहिजे?" आत्या आज सत्तरीच्या घरात आहे. तिच्या सासरी अजूनही तिला यायला उशीर झाला की म्हणतात, "बघा रे, पळाली काय!"

तिसरा भाग भुताचा. त्या दिवशी लाईट गेलेले. सकाळी भात टाकायचा म्हणून आचाऱ्याचा हाताखालचा पोऱ्या अंधारात तपेलं धुवायला गेला. गोणपाट ओढलं आणि भरली कळशी आत फेकली. मी दचकून उठले आणि भोकाड पसरलं. आता चार वर्षांच्या पोरीचा आवाज तो काय! पण तांब्याच्या तपेल्यातून तो असा घुमला, की पोऱ्या कळशी टाकून "भूत! भूत!" करत मांडवातून पळत सुटला, हळदीच्या पाण्यात पाय पडला आणि घसरत थेट वरपक्षाच्या चुलत्यांच्या मांडीवर. मला ओलीचिंब बाहेर काढली. आजोबा म्हणाले, "बरं झालं, आताच धुतलं. पहाटे अंधारात आधण टाकलं असतं तर?" तेव्हापासून घरात माझं नाव "तपेली". माझ्या लग्नात उखाणा घेताना माझ्या नणंदांनासुद्धा ते ठाऊक होतं.

आता मध्येच एक सांगते, हसण्यावारी नेऊ नका. तपेलं आडवं होतं आणि गोणपाट सैल होतं, म्हणून आत हवा खेळत होती. बंद मोटारी, जुने फ्रीज, झाकणाच्या पेट्या यांत मुलं खेळता खेळता शिरतात आणि त्या आतून उघडत नाहीत. वापरात नसलेला फ्रीज अंगणात ठेवायचा असेल तर आधी त्याचं दार काढून टाका.

तर ही आमची गोष्ट. मी ती शेकडो वेळा ऐकली. आजोबांनी सांगितलेली, काकांनी सांगितलेली, आत्यानं डोळे पुसत पुसत सांगितलेली. गोष्टीत सगळ्यांना आपापली जागा होती. बैलाची घाटसुद्धा होती. आजीला एकच वाक्य होतं, "आजी देवापुढे दिवा लावून बसली होती." आणि कल्हईवाला? तो सुरुवातीला भांडी चकचकीत करून निघून जायचा, पुन्हा यायचाच नाही. आई मात्र ही गोष्ट कधी सांगत नसे. गोष्ट निघाली की ती चहा टाकायला उठायची. तिच्या त्या उठण्याचीसुद्धा आम्हाला सवय होती. गोष्ट म्हटली की चहा.

२०१८ च्या जुलैत आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होती. ऑपरेशन अजून व्हायचं होतं. ती खिडकीशी पेपर डोळ्यांजवळ धरून वाचत होती आणि मी पालेभाजी निवडत होते. तुम्हाला आठवत असेल ती बातमी. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. १ जुलै, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत तिथे गेलेली. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवर आधीपासून फिरत होत्या. लोकांनी या पाचांना धरलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि ठार मारलं. पाचही जणांना.

आईनं पेपर खाली ठेवला. म्हणाली, "आपल्याकडं पण हेच झालं असतं."

मी म्हटलं, "कुठं? काय?"

"तुझ्या वेळी."

मी हातातली जुडी खाली ठेवली. आणि माझ्या एकोणचाळिसाव्या वर्षी मी माझी गोष्ट पहिल्यांदा आईच्या तोंडून ऐकली.

मी हरवले तेव्हा गावातले सगळे विहिरीवर गेले नव्हते. निम्मे वेशीकडे गेले होते. कल्हईवाल्याचं काम दुपारीच संपलेलं. वेशीबाहेर वडाखाली त्याचं पाल होतं आणि दुसऱ्या गावाला जायचं म्हणून तो सामान बांधत होता. बस्स, तेवढं पुरलं. "पोर गायब आणि हा पळतोय!" लोकांनी त्याला धरून चावडीसमोरच्या पारावर आणला. पोती उलटी केली. कोळसा, कथील, नवसागर, दोन गोधड्या, एक तवा. पोर काही निघाली नाही. मग मारायला लागले. कोण कोण होते, ते आईनं सांगितलं नाही. "होते आपलेच," एवढंच म्हणाली.

"आणि आजी?" मी विचारलं. "देवापुढे होती ना?"

"देवापुढं?" आई हसली. "अगं, तुझी आजी पारावर होती."

चावडीसमोरून जातानासुद्धा पदर पुढे ओढून, पायातल्या वहाणा हातात घेऊन जाणारी माझी आजी! तिला कुणीतरी बाईनं येऊन सांगितलं, तशी ती हळदीच्या हातानं निघाली. आई तिच्या मागे. आजी पारावर चढली आणि कल्हईवाल्याच्या बायकोशेजारी मांडी घालून बसली. ना आरडाओरडा, ना भाषण. एवढंच म्हणाली, "नात माझी हरवलीय. ती सापडंस्तोवर मी हितनं उठायची न्हाई. कुणाला हात उगारायचा त्यानं माझ्यादेखत उगारावा." लग्नघरची थोरली बाई, डोक्यावर पदर, पारावर बसलेली. पुरुषांना काय करावं समजेना. एकेक जण मागे सरकला.

"ती बाई सारखी एकच बोलत होती," आई म्हणाली. "भांडी बघा, भांडी बघा. लोक म्हणत होते, बघा, चोराला भांडीच आठवतात. मला आधी कळेना. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, बाई, आमचं पोरगं घासून दमलं की त्यातच निजतंय, भांडी बघा. आणि माझ्या डोक्यात लख्खकन पडलं. मी तशीच पळत सुटले. पडवीच्या दारात पाय ठेवला आणि त्या पोऱ्यानं कळशी ओतली."

मी किती तरी वेळ काही बोलले नाही. आईच पुढे सांगत राहिली. आता थांबली असती तर तिचं सांगायचं राहून गेलं असतं बहुतेक. कल्हईवाल्याचा उजवा हात सुजला होता, तोच बोळा फिरवायचा हात. आजीनं आंबेहळद उगाळून लावली. आजोबांनी मजुरीच्या दुप्पट पैसे पुढे केले. त्यानं मजुरी मोजून घेतली आणि बाकीचे पाटावर ठेवले. उद्या लग्नाला थांबा, जेवून जा, असं आजी म्हणाली, तर बायकोनं नुसते हात जोडले. रात्रीच ते गेले. पुन्हा आमच्या गावात आले नाहीत. पुढच्या वर्षीपासून देवळाची भांडी कल्हईसाठी बैलगाडीत घालून तालुक्याला न्यावी लागत.

हे ऐकून मी चाटच पडले. कारण कल्हईवाला का येईनासा झाला, याचं उत्तर आमच्या घरात तयार होतं. "स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं, कल्हई संपली." ते खोटं नाहीच. स्टेनलेस स्टीलनं कल्हईवाल्यांचा धंदा खरोखरच बसवला. पण आमच्या गावातून तो स्टीलच्या किती तरी आधी गेला होता.

"मग हे कधी कुणी सांगितलं का नाही?"

आई म्हणाली, "लग्नात पाहुण्यांपुढं काय सांगणार? नवऱ्या मुलाकडची माणसं आलेली. थोरली बाई पारावर जाऊन बसली होती, हे त्यांना कळलं तर काय म्हणतील, असं मामंजींना वाटलं. त्यांनीच सांगितलं, ही देवापुढं बसली होती म्हणून. मग तेच पडलं." थोडं थांबून म्हणाली, "सासूबाईंनी पण कधी दुरुस्त केलं नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाल्या, देवापुढंच बसले होते की."

माझं काम तुमच्यापैकी काही जणींना माहीत आहे. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर पालं पडतात. कुणी चाळण्या-सुऱ्या विकणारे, कुणी नंदीबैलवाले, कुणी जडीबुटीवाले. त्यांच्या मुलांना शाळेत घालायचं, हे आम्ही सात-आठ जणी गेली बारा वर्षं करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे, की वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तरी कागद मागितले जातातच, मग आम्ही कायद्याची झेरॉक्स पर्समधून काढतो. ती झेरॉक्स आता इतकी चुरगळली आहे की बघितल्यावरच समोरचा म्हणतो, "ताई, ठेवा ती, घेतो नाव." पण कागदापेक्षा अवघड काम वेगळंच आहे. नव्या पालातल्या बायका पहिल्या दिवशी मुलांना माझ्याजवळ येऊ देत नाहीत. अनोळखी बाई मुलांना खाऊ देते म्हणजे काय, हे त्यांनाही कळतं! मुलं पळवणाऱ्यांची भीती आपल्यालाच असते असं थोडंच आहे.

फिरस्त्या माणसाकडे बघायची आपली नजर जुनी आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्याच्या अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला. रद्द झाला म्हणजे कागदावरून गेला. २०१८ च्या त्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. चांगलं झालं. पण आमच्या गावात १९८३ साली कुणाकडे मोबाइल होता? एक कर्णा होता, आणि "मुलगी" हा एक शब्द. नदी ओलांडेपर्यंत त्याचं काय झालं, ते तुम्ही वाचलंतच. चुलत्यांची जीप आली त्या भागाला आम्ही पोट धरधरून हसतो. वेशीकडे जे गेले तेही तसलंच काहीतरी ऐकून गेले होते.

तेव्हापासून मी गोष्ट पूर्ण सांगते. काकांना आवडत नाही. "कशाला गं तपेली, चांगली हसायची गोष्ट आहे," म्हणतात. मी त्यांची सफारी वगळत नाही, अडकित्ता वगळत नाही, चुलत्यांच्या मांडीवरचा पोऱ्यासुद्धा जागच्या जागी. फक्त आजीला देवापुढून उठवते आणि पारावर नेऊन बसवते. आत्याला हे काहीच ठाऊक नव्हतं. हळद लागलेली नवरी घराबाहेर कशी पडणार? ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या लग्नाचा भात त्याच तपेल्यातला होता." नंतर तिनंच सासरी फोन करून सगळं सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी जे त्यांना कळू नये म्हणून आजोबांनी धडपड केली होती, ते तिच्या थोरल्या जाऊबाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग तवाच सांगायचं न्हाई का! आमची बी मान वर झाली असती."

तपेलं अजून देवळाच्या खोलीत आहे. आता पंगतीला स्टीलची आणि ॲल्युमिनियमची पातेली वापरतात. कल्हई उडून ते आतून काळपट झालं आहे. तालुक्याच्या गावात कल्हई करणारा एकच म्हातारा उरला आहे. तांब्या-पितळेच्या भांड्यांची पुन्हा आवड निर्माण झाल्यामुळे त्याच्याकडे हल्ली गर्दी असते म्हणे. पण त्याच्या मुलानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे.

मागच्या हिवाळ्यात पुतणीचं लग्न झालं. हळदीच्या रात्री सगळी नातवंडं गोधड्यांवर आडवीतिडवी पडली होती आणि फर्माईश झाली, तपेल्याची गोष्ट. काकांनी विहीर सांगितली. आत्यानं पिवळे ओघळ सांगितले. भूत मी सांगितलं, आणि मग पार. आई शेजारीच बसून होती, चहाला उठली नाही. गोष्ट संपल्यावर मोठी माणसं थोडी गप्प झाली. पण मुलांचे प्रश्न वेगळेच असतात. माझ्या भाच्याचा सात वर्षांचा मुलगा उठून बसला आणि म्हणाला, "पण त्यांचा मुलगा? तो कुठं होता, त्याच्या बाबांना मारत होते तेव्हा?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी आईकडे बघितलं.

"आपल्या सैपाकघरात," आई म्हणाली. "सासूबाईंनीच धाडला होता. बुंदीचा लाडू दिला होता हातात. मी आले तेव्हा तो तसाच हातात धरून उभा होता. खाल्ला नव्हता."

"मग?"

"मग तुझ्या आत्याआजीला बाहेर काढल्याचा गलका झाला, तसा लाडू खिशात घातला आणि पळाला पाराकडं."

मुलगा थोडा वेळ विचार करत राहिला. मग त्यानं विचारलं, त्याचं नाव काय होतं? आई म्हणाली, ते विचारायचं राहिलं बाबा.